कुंभार्लीचा घाट आणि खोटा दिवा



देशावरून कोकणात उतरायला घाट पुष्कळ आहेत. आंबा आहे, आंबोली आहे, फोंडा आहे, वरंधा आहे. प्रत्येकाचा डौल निराळा. परंतु शेतकऱ्याच्या डोळ्यांनी सह्याद्री पाहायचा असेल, तर कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरावे. शंभराच्या आतबाहेर किलोमीटरांचा हा रस्ता. एवढ्या अंतरात ऊस संपतो आणि भात लागते, काळी जमीन संपते आणि तांबडी लागते. विहीर-मोटारीचा मुलूख मागे पडतो आणि पऱ्ह्यांचा, जांभ्या दगडाचा मुलूख सुरू होतो.

या रस्त्याची हकिगत आज सांगणार आहे. तिच्यासोबत आणखी एका गोष्टीची हकिगत आहे. ती म्हणजे मोटारीच्या डॅशबोर्डवर लागणारा कूलंटच्या पातळीचा छोटा दिवा. आता वाड्यावस्त्यांवरही चारचाकी दिसू लागली आहे. लग्नकार्य, दवाखाना, बाजार, लेकीचे माहेरपण, साऱ्याला तीच लागते. तेव्हा हा दिवा खरा केव्हा आणि खोटा केव्हा, हे घरातल्या प्रत्येकाला कळलेले बरे.

कोयनेचे बोट धरून

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. दोन नद्यांनी अशी समोरून येऊन गळाभेट घ्यावी, हे क्वचित पाहायला मिळते. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिथे घटकाभर बसावे आणि मग कोयनेचे बोट धरून पश्चिमेची वाट चालू लागावे.

आम्ही निघालो तेव्हा मार्गशीर्षाचे दिवस होते. उसाच्या तोडी जोरात चालू होत्या. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून कारखान्याकडे निघालेल्या, त्यांच्यामागून आपली गाडी सबुरीने चालवावी लागे. मल्हारपेठ मागे पडली की डोंगर जवळ येऊ लागतात. पाटणला केरा नदी कोयनेला येऊन मिळते. तिथून पुढे उसाचा हिरवा पट्टा अरुंद होत जातो आणि भाताची खाचरे, नाचणी-वरीचे उतार, भुईमुगाचे तुकडे दिसू लागतात. पाटणच्या बाजूच्या पठारांवर पवनचक्क्यांची पाती फिरत असतात.

हेळवाकला पोहोचले की नदीची एक गंमत ध्यानात येते. कोयना उगम पावते महाबळेश्वरला. तिथून ती सह्याद्रीच्या कुशीतून सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते. या वळणाच्या वर कोयना धरण आहे. उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरांहून थोडी अधिक आणि पोटात १०५ टीएमसी पाणी मावेल एवढे मोठे. या जलाशयाला शिवसागर म्हणतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, माणसे दगावली. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले. पुढे ती भिंत मजबूत करण्यात आली. त्या पहाटेची आठवण सांगणारी म्हातारी माणसे या भागात अजून भेटतात. भिंत उभी आहे म्हणून भागत नाही, तिच्यावर रोज नजर ठेवावी लागते, हे कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

कोयनेचे पाणी आपल्या वाटेने गेले तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारे. परंतु त्यातला काही वाटा बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतो, पोफळीच्या भूमिगत वीजघरात टर्बाइन फिरवतो, पुढे कोळकेवाडीच्या जलाशयावर आणखी एकदा कामाला लागतो आणि शेवटी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतो. आपण घाटाने उतरत असतो, तेव्हा आपल्या बाजूने डोंगराच्या आत पाणीही तोच घाट उतरत असते.

घाटात दिवा लागला

गाडी होती आमच्या मेहुण्यांची. सौ.चे हे थोरले बंधू, पाटणजवळचे कष्टाळू शेतकरी. त्यांना मीही दादाच म्हणतो. त्यांची लेक चिपळूणजवळ दिलेली आहे. तिला सातवा महिना लागला होता. दुसऱ्या दिवशी तिचे डोहाळजेवण, आणि तिसऱ्या दिवशी तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचे, असा बेत होता. गाडीत दादा, वहिनी, सौ. आणि मी.

घाटमाथा ओलांडला की देशावरचा कोरडा वारा संपतो. झाडी दाट होते, हवेत ओल जाणवते, आणि एका वळणावर खाली पोफळीचे खोरे एकदम उघडते. पावसाळ्यात या घाटात धुके असे दाटते की समोरची गाडी दिसत नाही. मार्गशीर्षात मात्र सारे स्वच्छ असते. कापणी झालेल्या भाताची पिवळी खाचरे आणि त्यांच्या कडेने उडव्या रचलेल्या. उडव्या म्हणजे पेंढ्याच्या गंजी. हे पाहत असतानाच डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला. डबीत पाण्याच्या लाटा काढाव्यात तशी त्याची खूण होती.

"दादा, दिवा लागलाय," मी म्हणालो.

"त्येच्याकडं बघू नगा, दाजी. दोन म्हैनं झालं, आसाच लागतोय. गॅरेजात दावलं. त्यो म्हणला, पानी भरपूर हाय, सेन्सर गेलाय. लागू द्या म्हणला."

मागून सौ. म्हणाली, "आन परवा पोरीला घेऊन ह्याच गाडीतनं घाट चढायचाय न्हवं?"

दादा काही बोलले नाहीत. पुढच्या रुंद जागेवर त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मी चाकाला दगड लावला.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो. कूलंट तापलेले असताना बाटलीचे किंवा रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल केले की दाब जातो आणि ते एकदम उसळून तोंडावर, हातावर येते. इंजिन बंद करून चांगला अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. त्यानंतरही झाकण उघडायची घाई करू नये. पातळी बाहेरूनच पाहता येते.

आम्ही बाहेरून पाहिले. बाटली जुनी, पिवळी पडलेली. आत एक तपकिरी रेघ दिसत होती. दादा म्हणाले, "ही बघा की, पानी हितवर हाय." परंतु डागाची रेघ आणि पाण्याची रेघ यांत फसगत होते. ती ओळखायची युक्ती सोपी आहे. बाटलीच्या मागून मोबाइलचा उजेड धरावा आणि गाडी हाताने जरा हलवावी. पाणी असेल तर रेघ डुचमळते. डाग असेल तर जागचा हलत नाही. आमची रेघ डुचमळली. पाणी खरोखरच वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये होते. गाडीखाली थेंब नव्हता. उष्णतेचा काटाही मध्यावर होता. तेव्हा हलक्या गिअरमध्ये, दमादमाने गाडी खाली पोफळी-शिरगावच्या सपाटीला उतरवली. उतारावर इंजिनाला ओझे कमी असते, म्हणून हे करता आले. बाटलीत पाणी दिसले नसते, तर त्या वळणावरून गाडी इंचभर हलवू दिली नसती.

दिवा काय सांगतो?

मोटारीत दोन गोष्टी निरनिराळ्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक उष्णतेचा काटा किंवा दिवा. त्याची खूण पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरसारखी असते. दुसरा पातळीचा दिवा. पहिला सांगतो पाणी किती तापले, दुसरा सांगतो पाणी आहे की नाही. पातळीचा दिवा सर्वच गाड्यांना नसतो. ज्यांना असतो त्यांनी त्याची किंमत ओळखावी. कारण पाणी पुरते निघून गेले की उष्णता मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काही वेळा काटा वर चढायच्या ऐवजी खालीच राहतो. काटा खाली आहे म्हणून माणूस निर्धास्त, आणि इकडे इंजिनाचे हेड वाकते, गॅस्केट जळते. एका हंगामाची मिळकत त्यात जाते.

पातळी ओळखायच्या मुख्य रीती दोन. पहिल्या रीतीत बाटलीच्या आत चुंबक बसवलेला एक लहान तरंगता तुकडा असतो. त्याला फ्लोट म्हणतात. बाटलीच्या तळाशी बाहेरून एक बारीक स्विच बसवलेला असतो. पाणी उतरले की फ्लोट खाली येतो, चुंबक स्विचजवळ येतो आणि दिवा लागतो. दुसऱ्या रीतीत बाटलीत धातूच्या दोन काड्या असतात. त्यांच्यामधल्या कूलंटातून किंचित वीज वाहते. कूलंट उतरले की ती वाट तुटते आणि दिवा लागतो.

ही दुसरी रीत तुम्हाला नवी नाही. बोअरच्या मोटारीला जे लेव्हल गार्ड बसवतात, त्याचे काम असेच चालते. बोअरमध्ये काड्या सोडलेल्या असतात. पाणी खाली गेले की गार्ड मोटार बंद करतो. काड्यांवर क्षार चढले की बोअर भरलेला असूनही गार्ड मोटार सुरू होऊ देत नाही. अशा वेळी गार्ड काढून सरळ जोडणी करणारे महाभाग आपण पाहिले आहेत. पुढे एके दिवशी बोअर खरोखर आटतो आणि मोटार जळते. डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे 'लागू दे' म्हणून पाहणे म्हणजे गार्ड काढून टाकण्यासारखेच आहे.

अंगणातली तपासणी

त्या रात्री व्याह्यांकडे तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि सोलकढी असा बेत झाला. सकाळी बायकामंडळी डोहाळजेवणाच्या तयारीत गुंतल्या आणि आम्ही पुरुषमंडळी जांभ्याच्या गडग्याजवळ गाडीभोवती जमलो. व्याह्यांचा धाकटा मुलगा आयटीआयमधून वीजतंत्री झालेला. त्याच्याकडे मल्टिमीटर होता.

माझी नोकरी विस्ताराची. उसाची पाने पिवळी दिसली की शेतकरी म्हणतो, "साहेब, युरिया कमी पडला." परंतु पान पिवळे पडायची कारणे अनेक. मुळाशी पाणी साचले असेल, किंवा चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नसल्याने केवडा पडला असेल. म्हणून आधी मूळ पाहायचे, मग माती, मग औषध. गाडीलाही आम्ही तोच क्रम लावला.

पहिली पायरी, पातळी. गाडी सपाट अंगणात, इंजिन रात्रभर थंड. पाणी दोन खुणांच्या मध्ये. पाण्याच्या रेघेशी बाटलीवर बाहेरून पेनने खूण केली. दिवा लागणे खोटे ठरवण्याआधी पाणी खरोखर आहे हे डोळ्यांनी पाहावे. थंडीच्या सकाळी कूलंट आकसते. पातळी खालच्या खुणेशी टेकलेली असेल तर सकाळी दिवा लागतो आणि गाडी तापली की विझतो. चढाउतारावर उभ्या गाडीतही पाणी एका बाजूला जाते. अशा वेळी दिवा खोटा नसतो, पाणीच काठावर असते.

दुसरी पायरी, गळती. होजचे जोड, रेडिएटर, पाण्याचा पंप, गाडीखालची जमीन, आतले पायपुसणे, सारे पाहिले. वाळलेल्या कूलंटचा पांढरा किंवा रंगीत थर, गोडसर वास ही गळतीची चिन्हे. ऑइलची काडी काढून पाहिली. ऑइल दुधाळ चहासारखे झाले असेल तर पाणी इंजिनात शिरते आहे असे समजून गाडी सुरूही करू नये. आमचे ऑइल ठीक होते.

तिसरी पायरी, वायर. खेड्यात गाडी गोठ्याशेजारी किंवा कणगीजवळ उभी राहते आणि उंदीर वायरी कुरतडतात. चावी बंद करून सेन्सरची दोन वायरींची पिन काढली. हिरवी बुरशी नव्हती, वायर शाबूत होती.

चौथी पायरी, सेन्सर. मुलाने मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांनी सेन्सरच्या दोन पिना मोजल्या. नंतर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बाटलीवर हलकेच टकटक केले. आकडा बदलला! थोड्या वेळाने पुन्हा टकटक केले, पुन्हा बदलला. म्हणजे स्विच उघडत-मिटत होता. बिचारा सेन्सर गेलेलाच नव्हता. आतला फ्लोट तळाशी चिकटत होता. खड्ड्यात गाडी आदळली की सुटे, पुन्हा चिकटे.

एक सूचना. काही गाड्यांत पाणी भरलेले असताना स्विच मिटलेला असतो, काहींत उघडा. म्हणून पिन काढून दिवा विझला किंवा लागला यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. आणि दोनपेक्षा जास्त वायरी असतील, तर वायरीचे तुकडे लावून प्रयोग करण्यापेक्षा जाणत्या मेस्त्रीला बोलवावे.

खोट्यामागचे खरे

आता प्रश्न असा, की फ्लोट चिकटला का? थंड बाटलीचे झाकण उघडले. आतले पाणी चहाच्या रंगाचे. कूलंटचा हिरवा-गुलाबी रंग नावालाही नाही. बोट लावले तर खरखरीत पांढरट-तांबूस थर.

मी दादांकडे पाहिले. ते म्हणाले, "उन्हाळ्यात शेतावर होज फाटला हुता. नवा बसवला आन बोअरचं पानी भरलं. म्हणलं, गावात गेल्यावर कूलंट टाकू. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

वाचकहो, ठिबकच्या ड्रिपरला जे क्षार बसतात, तेच इथे बसले होते. आपल्या बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात. पाणी तापले की ते बाहेर पडून थर धरतात. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, ती साध्या पाण्यात नसतात. म्हणून आतून गंज सुटतो. फ्लोट चिकटला ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसत होता. दिवा सांगत होता 'पाणी कमी आहे', ते खोटे होते. परंतु पाणी वाईट आहे, ही तक्रार त्याच्या खोटेपणाच्या पोटात दडलेली होती. गॅरेजमध्ये नुसता सेन्सर बदलला असता, तर पैसे गेले असते आणि आजार तसाच राहिला असता.

चिपळूणहून एक मेस्त्री बोलावला. त्याने जुने पाणी काढले, स्वच्छ पाण्याने आतली वाट पुन्हा पुन्हा धुतली, निथळ पाणी येईतो. बाटली सोडवून लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवली, थर सुटल्यावर चांगली विसळली. फ्लोट आत मोकळा खुळखुळू लागला. मग पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून भरले. तयार मिसळलेले कूलंट आणले असेल तर त्यात पाणी घालू नये. निरनिराळ्या जातींची कूलंटे एकत्र करू नयेत.

जुने पाणी आम्ही डब्यात धरले, अंगणात किंवा पऱ्ह्यात सोडले नाही. घरातल्या बायाबापड्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कूलंट चवीला गोड असते आणि ते विषारी आहे. सांडलेले कूलंट कुत्रे, वासरू, लहान मूल चाटू शकते. बाटली उंचावर ठेवावी, सांडले तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन काढावे, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरू नये.

दिव्याची परीक्षा

चावी फिरवली, दिवा लागून विझला. दादा खूश झाले. "झालं काम!" म्हणाले. परंतु काम अजून निम्मे झाले होते. खोटे बोलणारा माणूस गप्प बसला म्हणजे तो खरे बोलू लागला, असे होत नाही. पाणी खरेच कमी झाले तर हा दिवा लागेल का, हे पाहायचे राहिले होते.

मेस्त्रीने थंड बाटलीतून पिचकारीने कूलंट ओढून घेतले. पातळी खालच्या खुणेखाली जाताच दिवा लागला. परत भरले, विझला. असे दोनदा केले. तेव्हा कुठे तो दिवा विश्वासाला पात्र झाला. त्यानंतर इंजिन चालवून, आत अडकलेली हवा निघू देऊन, गाडी थंड झाल्यावर उतरलेली पातळी पुन्हा भरली आणि नव्या पातळीशी खूण केली. नवे कूलंट भरल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरते ती या हवेमुळे. सतत उतरू लागली तर मात्र गळती शोधावी.

दुपारी डोहाळजेवण थाटात झाले. भाची हिरव्या साडीत, फुलांची वाडी भरलेली. विहीणबाईंनी हौसेने सारे केले होते.

चढणीचा घाट

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वाशिष्ठीच्या काठाने चिपळूण मागे टाकताना २२ जुलै २०२१ च्या महापुराची आठवण निघाली. पाणी घरांच्या वरच्या मजल्यांपाशी गेले होते. नदीची पातळी किती, आणि ती वेळेवर कळली की नाही, याचे मोल या गावाला कोणी सांगायला नको.

कुंभार्ली उतरताना सुंदर, चढताना कसोटीचा. वेग कमी, ओझे जास्त, रेडिएटरला समोरून वारा कमी. इंजिनाची सारी मदार अशा वेळी कूलंटवर असते. घाटात मोबाइलची रेंजही ठिकठिकाणी जाते. सात महिन्यांची पोर गाडीत असताना एखाद्या वळणावर अडकून पडणे म्हणजे काय, हे मी लिहायला हवे असे नाही. दादांनी आधीच्या ट्रकमागे घाई केली नाही, गिअर हलका ठेवला. काटा मध्यावर, दिवा विझलेला. एका वळणावर भाचीने गाडी थांबवायला सांगितली आणि खाली पोफळीच्या खोऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. आता पुढचे काही महिने तिला ते दिसणार नव्हते.

कोयनानगरला चहा घेतला. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीचे बॉनेट उघडले. पाणी पेनच्या खुणेशी तसेच होते.

निघण्यापूर्वी ध्यानात ठेवा

पातळीचा दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि पाणी डोळ्यांनी पाहा. काटा खाली आहे म्हणून पुढे जाऊ नका.

तापलेले झाकण उघडू नका.

पाणी पुरेसे असूनही दिवा लागत असेल, तर पातळी, गळती, वायर, सेन्सर आणि फ्लोट या क्रमाने शोधा. सेन्सर शेवटी बदला.

अडचणीच्या वेळी साधे पाणी भरावे लागले तर भरा, इंजिन वाचते. परंतु घरी आल्यावर ते काढून योग्य कूलंट भरा. उद्यावर टाकू नका.

दुरुस्तीनंतर पातळी उतरवून दिवा लागतो की नाही, हे मेस्त्रीकडून डोळ्यांदेखत करून घ्या.

रोज खोटा लागणारा दिवा हळूहळू आपल्या नजरेतून जातो. मग ज्या दिवशी तो खरा लागतो, त्या दिवशीही आपल्याला दिसत नाही. म्हणून खोटा दिवा हा दुरुस्त करण्याचाच विषय आहे, सवय करून घेण्याचा नव्हे. तुमच्या गाडीत असा एखादा दिवा लागत असेल, तर येत्या बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता उद्या सकाळी, गाडी थंड असताना, बॉनेट उघडून पाहा. आणि गाडी ठीक असली, तर भात कापणीनंतरच्या स्वच्छ दिवसांत एकदा कुंभार्लीचा घाट अवश्य उतरून या.